बर्ट्रांड रसेलचे कोट्स सगळेच शेअर करतात, पण त्याची पुस्तकं वाचायची तर सुरुवात कुठून करायची?

पांढरेशुभ्र केस, तोंडात पाइप, कृष्णधवल फोटो आणि खाली जगण्याबद्दलचं एखादं चटकदार वाक्य. व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर बर्ट्रांड रसेल बहुतेकांना असाच भेटतो. गंमत म्हणजे यातली काही वाक्यं त्याची नाहीतच. मजेत वाया घालवलेल्या वेळेबद्दलचं जे वाक्य त्याच्या नावावर फिरतं, ते मार्थ ट्रॉली-कर्टिन नावाच्या लेखिकेच्या जुन्या कादंबरीतलं आहे. युद्धाबद्दल ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ या शब्दांवर केलेली ती प्रसिद्ध कोटीही त्याच्या लेखनात कुठे सापडलेली नाही.

खरा रसेल वाचायचा तर पुस्तकांकडेच जावं लागतं आणि तिथे माणूस गांगरतो. कारण त्याने गणितापासून लग्नापर्यंत आणि चीनपासून अणुबॉम्बपर्यंत जवळपास सगळ्यावर लिहून ठेवलंय. तरी सामान्य वाचकाच्या हातात सगळ्यात जास्त गेलेली पुस्तकं दोन. एक १९३० चं ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ हॅपिनेस’, म्हणजे सुख कसं मिळवावं याबद्दलचं. दुसरं १९४५ चं ‘अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी’, म्हणजे ग्रीकांपासून विसाव्या शतकापर्यंतच्या पाश्चात्त्य विचारांचा इतिहास. एक जगण्यावरचं, दुसरं विचारांवरचं. दोन्ही विद्यापीठाबाहेरच्या वाचकांसाठी लिहिलेली. आणि दोन्ही लिहिली गेली तेव्हा लेखकाला पैशांची गरज होती!

आधी हा माणूस कोण होता ते बघू

रसेलचा जन्म १८ मे १८७२ चा, वेल्समधला. आजोबा लॉर्ड जॉन रसेल दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले. घरात पैसा होता, मान होता, पण आईवडील राहिले नाहीत. तो दोन वर्षांचा असताना आई आणि बहीण घटसर्पाने गेल्या, पुढे दीड-दोन वर्षांत वडीलही गेले. लहानगा बर्ट्रांड आजीच्या कडक शिस्तीत, मोठ्या वाड्यात एकटा वाढला. शाळेत न पाठवता घरीच शिक्षक ठेवले होते.

अकराव्या वर्षी थोरल्या भावाने त्याला युक्लिडची भूमिती शिकवली आणि पोरगा गणिताच्या प्रेमातच पडला. किशोरवयात त्याच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार येत. त्यातून कशाने वाचवलं, तर अजून थोडं गणित शिकायचंय या इच्छेने. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि तेही सुखावरच्या पुस्तकात.

पुढे केंब्रिजमध्ये आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेडबरोबर त्याने ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ लिहिलं. १९१० ते १९१३ या काळात त्याचे तीन खंड निघाले. सगळं गणित तर्कशास्त्रातून उभं करायचं, हा त्यामागचा हट्ट. एक अधिक एक बरोबर दोन, इथपर्यंत पोहोचायला त्यात शेकडो पानं खर्ची पडतात. छपाईचा खर्च इतका झाला की दोघा लेखकांना खिशातून पन्नास-पन्नास पौंड घालावे लागले. दहा वर्षांच्या मेहनतीची कमाई उणे पन्नास पौंड!

मग पहिलं महायुद्ध आलं. रसेलने युद्धाला उघड विरोध केला. १९१६ मध्ये दंड झाला, ट्रिनिटी कॉलेजातली नोकरी गेली आणि १९१८ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. तुरुंगात बसूनही त्याने गणिताच्या तत्त्वज्ञानावर एक पुस्तक लिहिलं.

पहिलं पुस्तक : सुख मिळवायचं कसं?

१९२७ मध्ये रसेल आणि त्याची दुसरी पत्नी डोरा यांनी बीकन हिल नावाची शाळा काढली. मुलांना धाक न दाखवता शिकवायचं, हा उद्देश. कल्पना छान होती, पण शाळा पैसे खात होती. ती चालवायला रसेल अमेरिकेत व्याख्यानांचे दौरे करायचा आणि सर्वसामान्य वाचकांसाठी भराभर लिहायचा. १९२९ मध्ये ‘मॅरेज अँड मॉरल्स’ आलं आणि पुढच्याच वर्षी ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ हॅपिनेस’. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता आणि त्याचं स्वतःचं लग्न मोडकळीला आलेलं होतं.

पुस्तक छोटं आहे. सतरा प्रकरणं, दोन भाग. पहिल्या भागात माणसं दुःखी का होतात ते, दुसऱ्यात सुखी कशाने होतात ते. पहिल्या भागातली प्रकरणं स्पर्धा, कंटाळा, थकवा, मत्सर, पापाची टोचणी, ‘सगळे माझ्या वाईटावर आहेत’ ही भावना आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती अशा विषयांवर आहेत. यादी वाचताना पुस्तक गेल्या वर्षी लिहिलंय असं वाटावं.

स्पर्धेवरचं प्रकरण घ्या. लोक जगण्याच्या लढाईबद्दल बोलतात, पण खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाला उद्याच्या जेवणाची भीती नसतेच, असं रसेलचं म्हणणं. त्याला भीती असते ती शेजाऱ्याच्या पुढे जाता येणार नाही याची. कंटाळ्यावर तो जे लिहितो ते आणखी टोचणारं आहे. सतत उत्तेजना लागणाऱ्या माणसाला हळूहळू प्रत्येक वेळी आधीपेक्षा तिखट काहीतरी लागतं आणि लहान मुलांना तर थोडा कंटाळा सोसायची सवय लावलीच पाहिजे, असं तो बजावतो. हे लिहिलं तेव्हा घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता, रील्सची गोष्ट तर सोडूनच द्या.

मग उपाय काय? रसेलचा उपाय ऐकायला साधा आहे : स्वतःकडे बघणं कमी करा आणि बाहेरच्या जगात रस घ्या. यासाठी तो दोन यंत्रांची एक मजेशीर गोष्ट रचतो. डुकराच्या मांसाचे सॉसेज बनवणारी दोन यंत्रं असतात. एक मांस घेतं, सॉसेज काढतं, मजेत असतं. दुसऱ्याला वाटतं, या मांसात काय ठेवलंय, माझ्या आतली रचना त्याहून किती अद्भुत! ते काम सोडून स्वतःच्याच पोटात बघत बसतं. जितकं बघावं तितकं आत पोकळ दिसत जातं, कारण आत घालायला काही उरलेलंच नसतं.

दुसरं उदाहरण त्याच्या माळ्याचं. सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा रोज सायकल मारत कामावर येतो आणि बागेतल्या सशांशी त्याचं कायमचं युद्ध चाललेलं असतं. ते ससे हाच त्याच्या आनंदाचा झरा. हा माळी सुखी आहे, हे रसेल कौतुकाने नोंदवतो.

आता पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, पोटाला अन्न आहे, तब्येत ठीक आहे आणि ज्यांच्यावर मोठं संकट कोसळलेलं नाही, अशांच्या रोजच्या दुःखाबद्दलच आपण बोलतोय, हे रसेल स्वतःच मान्य करतो. म्हणजे नोकरी गेलेल्याला किंवा घरातलं माणूस गमावलेल्याला या पुस्तकातून फार काही मिळणार नाही. गंभीर नैराश्यावरचा उपचार म्हणूनही ते वाचू नये, त्यासाठी डॉक्टर आहेत.

विद्वानांनी या पुस्तकाला नाकं मुरडली. रसेलचाच एकेकाळचा विद्यार्थी लुडविग विटगेन्श्टाइन म्हणायचा की रसेलची पुस्तकं दोन रंगांत बांधावीत. तर्कशास्त्राची लाल, ती सगळ्यांनी वाचावीत, आणि नीती-राजकारणावरची निळी, ती कुणाला वाचूच देऊ नयेत! शेरा खोचक आहे, पण जरा अन्यायाचाही. ज्या माणसाने कोवळ्या वयात जगणंच नकोसं झाल्याचा अनुभव घेतला, त्याने पन्नाशीनंतर शांतपणे मांडलेला हा हिशोब आहे. तो साध्या भाषेत आहे म्हणून उथळ ठरत नाही.

नोकरी गेली आणि ग्रंथ जन्माला आला

दुसऱ्या पुस्तकाची जन्मकथा तर एखाद्या सिनेमासारखी आहे.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने रसेलला प्राध्यापक म्हणून नेमलं. विषय तर्कशास्त्र आणि गणिताचं तत्त्वज्ञान, म्हणजे वाद होण्यासारखं काही नाही. पण त्याच्या लग्नविषयक मतांमुळे धर्मगुरू खवळले. लग्नाआधीचे संबंध, घटस्फोट यावर तो ‘मॅरेज अँड मॉरल्स’मध्ये मोकळेपणाने बोलला होता. एका महिलेने कोर्टात दावा ठोकला. न्यायाधीशांनी ही नेमणूक म्हणजे अश्लीलतेचं अध्यासन उघडण्यासारखं आहे, असं म्हणत ती रद्द केली. आइन्स्टाइनसारखे लोक रसेलच्या बाजूने उभे राहिले, पण उपयोग झाला नाही.

६७ वर्षांचा माणूस, परका देश, युद्धामुळे इंग्लंडला परतणं अवघड, इंग्लंडमधून पैसे येणं अवघड आणि पदरात तीन मुलं. वर्तमानपत्रं त्याचे लेख छापेनात, व्याख्यानं रद्द झाली.

अशा वेळी मदतीला आला आल्बर्ट बार्न्स. जंतुनाशक औषधाच्या धंद्यात गडगंज झालेला आणि चित्रं जमवण्याचं वेड असलेला हा फिलाडेल्फियाजवळचा श्रीमंत. त्याने आपल्या संस्थेत रसेलला पाच वर्षांच्या करारावर व्याख्यानं द्यायला बोलावलं. विषय : पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास. पण बार्न्स भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होता. रसेलची तिसरी पत्नी पॅट्रिशिया व्याख्यानाच्या वेळी विणकाम करत बसते, यावरूनही खटके उडाले! १९४२ च्या शेवटी बार्न्सने करार मोडला. रसेलने दावा लावला आणि तो जिंकला.

त्या व्याख्यानांचाच पुढे ग्रंथ झाला. प्रस्तावनेत रसेलने बार्न्सचा उल्लेख केलाय आणि संशोधनात मदत केल्याबद्दल पॅट्रिशियाचेही आभार मानलेत. १९४५ मध्ये पुस्तक अमेरिकेत आलं, १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये. ते धो धो खपलं आणि सत्तरी ओलांडलेल्या रसेलची पैशांची चिंता मिटली. १९५० मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

हा इतिहास वाचताना काय सापडतं?

जाडी बघून घाबरायला होतं. पाऊणशेच्या आसपास प्रकरणं आणि आठशेच्या वर पानं. तीन भाग आहेत : प्राचीन ग्रीक-रोमन, मग कॅथलिक, मग आधुनिक. मात्र वाक्यं छोटी, भाषा स्वच्छ आणि मध्येमध्ये चिमटे, त्यामुळे पानं सरकतात.

रसेलची मूळ कल्पना अशी : एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला विज्ञान आणि मधली जी कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन, ते तत्त्वज्ञान. ज्या प्रश्नांची पक्की उत्तरं नाहीत, पण जे सोडूनही देता येत नाहीत, ते प्रश्न इथे राहतात.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकातच आहे. तत्त्वज्ञान हवेत जन्मत नाही, आसपासच्या राजकीय-सामाजिक परिस्थितीतून येतं आणि परत तिच्यावर परिणामही करतं. म्हणून तर यात स्पार्टा या नगरराज्यावर वेगळं प्रकरण आहे. प्लेटोचं आदर्श राज्य समजायला आधी स्पार्टा समजावं लागतं, हे त्याचं म्हणणं. कवी बायरनवरही एक प्रकरण आहे. कवीचं इथे काय काम? तर बायरन हा विचारवंत नसला तरी त्याच्या बंडखोर प्रतिमेने एकोणिसाव्या शतकाच्या मनावर मोठा परिणाम केला, म्हणून.

भारतीय वाचकाला थांबवणारी जागा नीत्शेच्या प्रकरणात येते. नीत्शेचा मुद्दा खोडायचा कसा, असा प्रश्न पडल्यावर रसेल एक काल्पनिक प्रसंग उभा करतो. परमेश्वरासमोर एका बाजूला नीत्शे, दुसऱ्या बाजूला गौतम बुद्ध, आणि जग कसं घडवावं यावर दोघांचा वाद. बुद्ध दुःखितांबद्दल, करुणेबद्दल बोलतो. नीत्शेला दुःखाचं एवढं कौतुक कशाला हे कळत नाही, त्याला थोर पुरुष हवेत. शेवटी रसेल आपलं मत उघड सांगतो : मी बुद्धाच्या बाजूने. पण आपल्याकडे त्याचा गणितासारखा पुरावा नाही, हेही सांगतो. आयुष्यभर पुरावे मागणाऱ्या माणसाने इथे हात वर करावेत, हे ग्रंथातलं सगळ्यात प्रामाणिक पान म्हणावं लागेल.

कुठे सावध राहायचं?

याच नीत्शेच्या प्रकरणात पुस्तकाचं दुखणंही दिसतं. ग्रंथ लिहिला जात होता तेव्हा हिटलरचं युद्ध चालू होतं आणि नाझी लोक नीत्शेचं नाव घेत होते. रसेलने जो नीत्शे रंगवला, तो त्या सावलीतला आहे. १९५० मध्ये वॉल्टर कॉफमनचं नीत्शेवरचं पुस्तक आलं आणि इंग्रजी वाचकांना बराच वेगळा नीत्शे दिसला. रूसोच्या बाबतीतही तेच. रूसोच्या विचाराची वाट थेट हिटलरपर्यंत जाते आणि लॉकची रूझवेल्ट-चर्चिलपर्यंत, असं रसेल म्हणतो. वाक्य जोरकस आहे, पण अभ्यासकांना ते फार सोपं वाटतं.

कांट, हेगेल, बर्गसाँ यांच्याशी त्याचं जमत नाही आणि तो ते लपवतही नाही. उलट स्पिनोझाची मतं पटत नसतानाही त्याच्यावर त्याचा जीव आहे. किर्केगार्दला ग्रंथात जागा नाही, हायडेगरलाही नाही. अरब तत्त्ववेत्त्यांना एका छोट्या प्रकरणात गुंडाळलंय. इब्न सीना आणि इब्न रुश्द यांना तो मुख्यतः ग्रीक विचार पुढे पोहोचवणारे भाष्यकार मानतो, आणि हे मत आज टिकणारं नाही. भारत आणि चीन यात नाहीत, पण निदान शीर्षकातच ‘पाश्चात्त्य’ हा शब्द घालून तो मोकळा झालाय.

लाइब्निट्झचा संभाव्य अपवाद सोडला तर ग्रंथातल्या प्रत्येक तत्त्ववेत्त्याबद्दल आपल्याहून जास्त जाणणारे लोक आहेत, अशी कबुली तो प्रस्तावनेत देतो. लाइब्निट्झवर त्याने १९०० मध्येच स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. थोडक्यात, परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने याला पाठ्यपुस्तक मानलं तर फसगत होईल. एका हुशार, हट्टी माणसाबरोबर अडीच हजार वर्षांच्या वाटेवर फिरायला निघालोय, असं समजून वाचलं तर मजा येते.

कसं वाचावं याची युक्तीही ग्रंथातच आहे, हेराक्लायटसच्या प्रकरणात. कुठलाही तत्त्ववेत्ता वाचताना आधी भक्तीही नको आणि तिरस्कारही नको. पहिल्यांदा सहानुभूतीने त्याच्या जागी उभं राहायचं, त्याचं म्हणणं खरं मानणाऱ्याला जग कसं दिसत असेल ते अनुभवायचं. ते जमलं की मगच चिकित्सेची सुरी काढायची. रसेलने स्वतः हा नियम नीत्शे आणि बर्गसाँच्या बाबतीत पाळला का, हे वाचकाने तपासून बघावं.

मग क्रम काय ठेवायचा?

सुरुवात ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ हॅपिनेस’ने करणं सोयीचं. आठवडाभरात होतं. त्यानंतर एकदम मोठ्या ग्रंथाला हात न घालता मध्ये १९१२ चं ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ घ्यावं. समोरचं टेबल खरंच जसं दिसतं तसंच आहे का, अशा साध्या प्रश्नापासून ते सुरू होतं आणि पक्की उत्तरं मिळत नसतील तर तत्त्वज्ञान करायचं कशाला, या प्रश्नावर संपतं. हे शेवटचं प्रकरण एकटं वाचलं तरी चालेल.

मोठा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचायलाच हवा असं नाही. सॉक्रेटिस, प्लेटो आणि स्पार्टा, मग स्पिनोझा, लॉक, ह्यूम, आणि शेवटी बायरन-नीत्शे, असा पहिला फेरा मारला तरी चव कळते. कॅथलिक भाग बहुतेकांना जड जातो. तो दुसऱ्या फेरीला ठेवला तरी बिघडत नाही. शेजारी मराठी विश्वकोश उघडा असला तर उत्तम. तो इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांवर मे. पुं. रेगे यांच्यासारख्या जाणकारांनी लिहिलेल्या नोंदी आहेत.

आणि हो, टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. रसेल २ फेब्रुवारी १९७० ला गेला, म्हणजे त्याने हयातीत छापलेली पुस्तकं इथे २०३० संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. जुनी प्रत रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडे बऱ्याचदा मिळून जाते.

मुंबईतला एक वाचक

रसेलचा भारताशी संबंध होता. १९३० च्या दशकात भारताच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये काम करणाऱ्या इंडिया लीगचा तो अध्यक्ष होता. कृष्ण मेनन तिचे सचिव. महाराष्ट्रात नागपूरच्या दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आणि ‘आजचा सुधारक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विवेकवादी मासिकात रसेलचं लेखन मराठीत येत राहिलं.

पण त्याच्याही कितीतरी आधी एका तरुणाने रसेल बारकाईने वाचला होता. रसेलचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’ १९१६ मध्ये आलं आणि १९१८ मध्ये त्यावर एक परीक्षण छापून आलं. लिहिणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय सत्ताविशीच्या आसपास. युद्धाला विरोध करणारा रसेल म्हणजे निवृत्तीचा, हात बांधून बसण्याचा पुरस्कर्ता असा अर्थ भारतातले वाचक काढतील, हा धोका त्यांनी आधीच ओळखला. रसेल युद्धाविरुद्ध आहे, कृतीविरुद्ध नाही, हे त्यांनी नीट उलगडून दाखवलं. आणि मग जिथे पटलं नाही तिथे ठणकावलं. पैशाच्या प्रेमाने माणसाचं मन खुजं होतं, या रसेलच्या म्हणण्यावर त्यांचा प्रश्न असा की माणूस पैशावर प्रेम करतो ते कशासाठी तरी, आणि तो ‘कशासाठी’ प्रत्येकाचा वेगळा असतो.

हे परीक्षण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी ‘लेखन आणि भाषणे’ मालिकेच्या पहिल्या खंडात आहे. मोजक्या पानांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं.